वरच्या न्हाणीची तक्रार

गुढियारी, रायपूर
३ नोव्हेंबर २०२४

ताईस लहानूचा सप्रेम जयभीम.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आपण भेटलो, पण त्या गर्दीत तुला माझं काही ऐकू आलं नाही आणि घरची गोष्ट ओरडून सांगायची मला लाज वाटली. फोनचा तर प्रश्नच नाही. कानाला यंत्र लावूनही तू नुसतं 'हव, हव' करतेस आणि मग सुनेला विचारतेस, मामाजी काय म्हणाले? म्हणून कागदावर लिहितो आहे.

वरचं बिऱ्हाड गेलं. दोन वर्षांत हे तिसरं. तुला ठाऊक आहे, वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालो तेव्हा हाती आलेलं सगळं मी या वरच्या मजल्यात घातलं. लोकेश भिलाईला त्याच्या संसारात आहे, त्याच्यापुढे हात पसरायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलेलं. मजला रिकामा राहिला की लोकेशच्या आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. जिना झाडत बसते ती.

खोलीत खोट नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नळ गळत नाही, दार करकरत नाही, वायरिंग माझ्या हातचं आहे. आयुष्यभर मालगाडीचे डबे दुरुस्त केले, एक खोली मला जड नाही. मग माणसं का टिकत नाहीत? तू तीस वर्षं इंदोऱ्यात खोल्या दिल्यास, तुझ्याकडून भांडून कुणी गेलं नाही. मला काय येत नाही ते सांग. मी रागावणार नाही.

तुझा,
लहानू


इंदोरा, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. लहानूस,

जयभीम. रागावणार नाही म्हणालास, म्हणजे अर्धा राग आधीच आलेला आहे. तरी सांगते.

तुझे हात सोन्याचे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यात हात बसला तेच माणूस करत राहतं आणि जे येत नाही त्याच्या वाटेला जात नाही. तुला माणसं येत नाहीत, लहान्या. भाडेकरूनं तोंड उघडलं की तू पाना घेऊन उठतोस, नाहीतर वाद घालायला उठतोस. मधलं काही तुझ्याजवळ नाही. मागच्या वर्षी तुझ्याकडे आले होते तेव्हा वरची बाई जिन्यावरून म्हणाली, काका जरा ऐका ना, आणि तू तिथूनच म्हणालास, पाणी सहा वाजता येईल. तिला पाण्याचं विचारायचंच नव्हतं.

एक काम कर. जो गेला त्याच्याकडे जा, चहा पी आणि विचार, काहून गेलास बाबा? तो जे सांगेल ते खाली मान घालून ऐक. मध्ये बोलू नकोस. घराची डागडुजी तुला शिकवायला नको, ऐकून घ्यायची सवय मात्र लावून घे. या वयात जमेल का म्हणशील. मी साठीनंतर ओठ बघून बोलणं ओळखायला शिकले. तुलाही जमेल.

कांताताई


गुढियारी
२ डिसेंबर २०२४

ताईस जयभीम.

गेलो होतो. चौबे कॉलोनीत राहायला गेला आहे तो. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, 'काका, घर अच्छा था, पर वो काला डस्ट!' आणि मला एकदम पटलं. आमच्याकडे कारखान्यांची काळी धूळ येते ते तू पाहिलंच आहेस. सकाळी गच्चीवर पाय ठेवला की तळवे काळे. आम्हाला सवय झाली, दिवसातून तीनदा पुसून घेतो. नवीन माणसाच्या वाळत घातलेल्या चादरीवर, दुधावर, लेकराच्या डोक्यावर काजळी बसली तर तो कशाला राहील?

मी मध्ये एकदाही बोललो नाही. तुझी शपथ.

मग घरी आलो आणि कामाला लागलो. वरच्या मजल्याच्या एकूण एक फटी बुजवल्या. खिडक्यांना रबर, दाराखाली रबराची पट्टी. न्हाणीचं रोशनदान, वरचा झरोका, सगळ्यात वाईट, तिथून धूळ सरळ आत यायची. त्याच्या जाळीवर काच बसवून चारी बाजूंनी पुट्टी मारली. आता न्हाणीचं दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखं बसतं. पांढरा रुमाल आत ठेवून दोन दिवसांनी पाहिला, तसाच पांढरा.

दुसरी तक्रार त्यानं केली ती थंडीत गरम पाण्याची. लोकेशनं आपणहून गॅसगीझर घेऊन दिला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की न्हाणीबाहेर लावा. पण बाहेर गॅलरीत लावला तर महिन्याभरात काजळीनं चोंदेल, हे कागद लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? म्हणून सिलिंडर गॅलरीत ठेवला आणि गीझर आत, नळाच्या वर बसवला. ज्योत बघशील तर निळीशार. धूर म्हणून नाही.

आणि आनंदाची बातमी. बिऱ्हाड आलं. महासमुंदकडचं जोडपं आहे, डोमन आणि खिलेश्वरी. लग्नाला वर्ष झालं नसेल. तो इथल्याच गोदामातून मालाचा टेम्पो चालवतो. ती फार गोड पोरगी आहे. आल्या दिवशी भिंतीवरून हात फिरवून हाताकडे बघितलं आणि हसली. लोकेशची आई तर म्हणते, 'आपली पोट्टी असती तर अशीच राह्यली असती.'

तुझं ऐकलं, फळ मिळालं.

लहानू


इंदोरा
१० डिसेंबर २०२४

चि. लहानूस जयभीम.

शाबास. सुनेला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, मामाजींना अख्खी गुढियारी रबर लावून बंद करायला सांगा.

मला मात्र तुझं एक कळलं नाही. त्यानं धूळ म्हटल्यावर तू दुसरं काही विचारलंसच नाहीस. ऐकलंस खरं, पण पाना कुठे चालवायचा तेवढं कळेपर्यंतच. असो, सुरुवात म्हणून ठीक. आता या पोरीशी नीट वाग. नव्या सुनेसारखं असतं नवं बिऱ्हाड, पहिले काही महिने ती काय बोलत नाही त्याकडे लक्ष ठेवायचं.

आणि घराला थोडी फट असू द्यावी रे. मुंगीनं तरी यायचं कुठून?

कांताताई


गुढियारी
२६ डिसेंबर २०२४

ताईस जयभीम.

डोकं तापलं आहे म्हणून लिहायला बसलो. त्या गोड पोरीनं माझ्या घराला भूत लावलं.

झालं असं. पंधरवड्यामागे ती जिन्यात उभी राहून म्हणाली, 'कका, नहावत बेरा कोनो छाती ला दबाथे कस लागथे. मूड़ घूमथे.' अंघोळ करताना कुणीतरी छाती दाबल्यासारखं होतं, डोकं गरगरतं. मी ऐकून घेतलं. पाणी फार गरम घेत असशील म्हणालो. पुन्हा चार दिवसांनी तेच. लोकेशच्या आईला वाटलं, दिवस गेले असतील. दवाखान्यात नेली, डॉक्टर म्हणाला तसं काही नाही, रक्त कमी आहे, आणि गोळ्या दिल्या. इथपर्यंत मी सगळं केलं. शेजारचा कोणता घरमालक भाडेकरणीला दवाखान्यात नेतो?

मग तिची सासू गावाहून आली. ती न्हाणीत गेली, बाहेर येऊन भिंत धरून बसली आणि म्हणाली, इथे काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चौकटीला लिंबू आणि मिरच्या. कोळसा पण बांधला होता. ताई, माझ्या घरात! ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि ज्या बापानं आपल्याला लहानपणी मसणाच्या वाटेनं मुद्दाम चालवलं, त्या बापाच्या पोरानं बांधलेल्या घरात!

मी ते उपटून नालीत फेकलं. डोमनला समोर बसवून सांगितलं, भूत नसतं, टोनही म्हणजे चेटकीण, तीही नसते, माणसाच्या मनातली भीती असते. शिकले सवरले नाहीत म्हणून लोक यांना लुटतात. तो मान खाली घालून 'हव कका, हव कका' करत होता. पोरगी दाराआड उभी होती.

आता काय करते माहीत आहे? अंघोळीला जाते तेव्हा दार अर्धं उघडं ठेवते आणि नवऱ्याला बाहेर पाठ करून उभं करते. तो कामावर गेला असेल तर अंघोळच करत नाही. अर्ध्या दारातून धूळ आत जाते ती वेगळीच. आणि पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोंब झाली की लहानू मेश्रामच्या वरच्या मजल्यावर काहीतरी आहे, तर पुन्हा कोण येईल सांग.

लोकेशची आई माझ्यावरच उलटली. 'तुमी काहून त्या पोरीवर वरडून राहिले? तिले खरंच बरं वाटत नसन.' मी म्हणालो, तू पण बांध लिंबू.

लहानू


इंदोरा
३ जानेवारी २०२५

चि. लहानूस जयभीम.

लिंबू फेकलंस ते बरं केलंस. मी असते तर मीही फेकलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त बोलले असते.

पण भावा, एक गोष्ट तुला तीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. भाडेकरू सांगतो ते कारण खोटं असू शकतं, त्रास खोटा नसतो. माझ्याकडे एक मास्तर होता, म्हणायचा रात्री छपरावर कोणीतरी चालतं. मी हसले. पुढे कळलं की पत्र्याचे खिळे निघाले होते, वाऱ्यानं पत्रा उचलायचा. तो भित्रा होता हे खरं आणि पत्रा सैल होता हेही खरं.

तू तिच्या भुताशी भांडतो आहेस. तिच्या चक्कर येण्याचं काय? सासूनंही भिंत धरली म्हणतोस.

माझा एक नेम होता. तक्रार कळली नाही की त्याच खोलीत, त्याच वेळी, भाडेकरू जे करतो तेच आपण करून बघायचं. मास्तराच्या खोलीत मी एक रात्र झोपले होते. तूही कर. त्या न्हाणीत जाऊन अंघोळ कर. मग भांड हवं तेवढं. पोरीला तोवर काही बोलू नकोस.

कांताताई


गुढियारी
१२ जानेवारी २०२५, रविवार

ताईस जयभीम.

तुझा नेम पाळला आणि मिटलं एकदाचं.

आज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून वर गेलो. डोमन घरी होता, त्याला म्हणालो, आज तुझ्या न्हाणीत मी नहाणार. पोरगी घाबरली, 'झन जावव कका' म्हणाली, म्हणजे जाऊ नका. मी म्हणालो, आलं तुझं भूत तर त्याला साबण लावायला सांगतो. दोघंही हसली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला.

गीझर लावला, कढत पाणी घेतलं, अंगभर ओतलं. लोकेशची आई दाराशी उभी राहून सारखी बडबडत होती, बीपीची गोळी घेतली का, पाय घसरन, लवकर निघा. मी मुद्दाम वेळ लावला. छाती नाही दाबली, डोकं नाही फिरलं. उलट इतकी थंडी असून अंग कसं मोकळं झालं. बाहेर येऊन दोघांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, बघा, माझ्या वयाचा बीपीचा माणूस ठणठणीत बाहेर आला. तू तरणीताठी पोर, तुला काय होणार? यापुढे नीट दार लावून अंघोळ करायची. सुनेसारखी आहेस, अर्धं दार उघडं ठेवणं शोभतं का?

खिलेश्वरी माझ्या पाया पडली. मी आपला मागे सरकलो, आपल्यात हे चालत नाही म्हणालो. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझ्यावर कुणी असा विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही. वर्कशॉपमध्ये साहेब विश्वास माझ्या कामावर टाकायचा, माझ्यावर नाही.

तू म्हणाली होतीस, मला माणसं येत नाहीत. आता आली म्हणायला हरकत नाही ना?

लहानू


इंदोरा
१८ जानेवारी २०२५

चि. लहानूस,

तुझं पत्र आज आलं. आधी आनंद झाला. मग जेवायला बसले आणि पत्र ताटाशेजारी ठेवून पुन्हा वाचलं. काय खटकतं आहे ते पाटावरून उठेपर्यंत कळलं नाही.

लोकेशची आई दाराशी उभी राहून बडबडत होती आणि तू तिचं बोलणं ऐकत होतास. तुझ्या त्या झाकणासारख्या दारातून? मागच्या वर्षी तुला चक्कर आली तेव्हापासून ती तुला कडी लावू देत नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडे आलास तेव्हाही दार नुसतं लोटलं होतंस. तू दार लोटून अंघोळ केलीस का, लहानू? तसं असेल तर ती पोर जी अंघोळ करते ती तू केलीच नाहीस. आणि तू तिला कडी लावायला सांगितलंस.

मला गॅसचं काही कळत नाही, तू त्यातला माहीतगार. पण आई थंडीत शेगडी घरात घ्यायची तेव्हा खिडकीत काठी घालून ती उघडी ठेवायची, आठवतं का? धूर गेला, निखारे लाल झाले तरी काठी काढू द्यायची नाही. म्हणायची, धूर दिसतो तोवर बरं असतं. तुझ्या गीझरला धूर नाही म्हणतोस. रोशनदानाला काच आहे. दाराखाली रबर आहे.

मी उगाच घाबरत असेन. सुनेला फोन लावायला सांगणार होते, पण तू हसशील आणि तुझं हसणंही मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहितेच आहे. तोवर एवढं कर, रोशनदानाची काच काढ. धूळ आली तर येऊ दे, पुसता येते. आणि पोरीला सांग, दार उघडं ठेवून अंघोळ कर बाई, कोणी काही म्हणणार नाही.

पत्र मिळाल्या मिळाल्या कर.

कांताताई


गुढियारी
२९ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र गुरुवारी आलं. बुधवारी झालं होतं.

लोकेशनं तुझ्या सुनेला फोनवर थोडंफार सांगितलं असेल. पण तू मला विचारलं आहेस, तर उत्तर मी द्यायला हवं. हो, दार मी लोटलं होतं. कडी लावली नव्हती. मध्ये एकदा लोकेशची आई टॉवेल द्यायला दार उघडून उभीच राहिली होती.

बुधवारी डोमन पहाटेच टेम्पो घेऊन गेला होता. खिलेश्वरी खाली येऊन लोकेशच्या आईला म्हणाली, आज केस धुणार आहे, उशीर लागेल, भाजी घेऊन ठेवा. चांगली होती. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. वर पाण्याचा आवाज येत होता, तो येतच राहिला. मला वाटलं, किती पाणी वाया घालवते ही पोरगी. हे मी तेव्हा मनात म्हणालो, ताई. तुझ्यापासून काय लपवू.

मग लोकेशची आई वर गेली आणि तिची हाक मी आजवर ऐकली नव्हती तशी आली. दार मी तोडलं. ते सहज तुटलं नाही, माझ्या हातचं होतं. आत ती नळाखाली भिंतीला टेकून बसली होती. गाल लाल होते, झोपेतल्या लेकरासारखे. मला वाटलं, जिवंत आहे. गीझर चालूच होता. ज्योत तुला सांगितली होती तशी निळी नव्हती, पिवळी झाली होती. मी तिला उचललं तेव्हा माझंही डोकं गरगरलं. ती सांगायची तसंच.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. म्हणाली, बंद जागेत गॅस जळला की हवा विषारी होते, वास नाही, धूर नाही, कळतही नाही. दार उघडं असेल तर सहसा काही होत नाही, असंही म्हणाली. तिला माहीत नव्हतं मी कोण ते. मला मुलीचे वडील समजून समजावत होती.

पोलीस आले, पंचनामा झाला. मी सगळं खरं सांगितलं, कागदावर बाहेर लावा लिहिलं होतं तेही. पुढे जे होईल ते होवो. लोकेश म्हणतो वकील बघू. मी नको म्हणालो. वरच्या काचा मी त्याच रात्री फोडल्या. लोकेशची आई जेवण वाढते आणि उठून जाते. तिचं बरोबर आहे.

गावी तिचे अंत्यसंस्कार उरकून काल डोमन आला, कपडे न्यायला. त्याचे वडील खाली टेम्पोत बसून राहिले. मला वाटलं मारेल. मारावं असंच वाटत होतं मला. पण तो वर गेला, बोचकं बांधलं, खोली झाडली. माझ्या घरात राहिला म्हणून झाडून देतो आहे, ताई. मग न्हाणीच्या मोडक्या दारापाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, 'कका, आप तो खुद नहाके निकले थे न? हम दोनों के सामने. आपको तो कुछ नहीं हुआ था.'

तो रागावला नव्हता. टोमणाही नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. त्याच्या आईनं गावात सांगितलं आहे की भुतानं घरमालकाला सोडलं आणि सुनेला नेलं, आणि बहुतेक त्यालाही आता तेच पटत चाललं आहे. मी दाराची तुटलेली कडी उचलून हातात फिरवत राहिलो. तो वाट बघून खाली गेला.

पलंग राहिला आहे. तो न्यायला तो रविवारी येणार आहे आणि पुन्हा विचारणार आहे. तुझं उत्तर तोवर येणार नाही, हे मला माहीत आहे. मी त्याला खाटेवर बसवीन आणि दार, कडी, काच, सगळं सांगीन. भूत नव्हतं, मी होतो, असं सांगीन.

लहानू